पुसले कोणी आणि कशासाठी?

६ मे २०२४ रोजी ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ आणि ‘ओपनएआय’ या दोन कंपन्यांनी आपसातला करार जाहीर केला. जगभरातले प्रोग्रामर २००८ पासून जिथे एकमेकांच्या अडचणी फुकट सोडवत आले होते, तिथला साठा आता चॅटजीपीटी घडवणाऱ्या कंपनीच्या कामी येणार होता. काही जुन्या सदस्यांना हे रुचले नाही. निषेध म्हणून त्यांनी स्वतःचीच उत्तरे पुसायला घेतली. काहींनी उत्तर काढून त्या जागी निषेधाच्या ओळी लिहिल्या. मॉडरेटरांनी ती उत्तरे पूर्ववत केली आणि पुसणाऱ्यांची खाती काही दिवसांसाठी गोठवली गेली.

नवख्यांचे प्रश्न बंद करणारी, डिलीट करणारी जागा अशी जिची ख्याती, तिथे लिहिणाऱ्यालाच आपले लिखाण पुसायला मनाई झाली. हा पेच एका दिवसात पडलेला नाही. त्याला चाळीसहून अधिक वर्षांचा इतिहास आहे आणि तो अमेरिकेतल्या एका विद्यापीठापासून सुरू होतो.

मालक नसलेली जागा

१९७९ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांना युनिक्स वापरणारे संगणक फोनच्या तारेने एकमेकांना जोडण्याची कल्पना सुचली. त्यातून १९८० मध्ये ‘यूझनेट’ उभे राहिले. इतर विद्यापीठांना दिलेल्या निमंत्रणात त्यांनी लिहिले होते की सुरुवातीला इथे मुख्यतः प्रोग्राममधल्या चुका, त्यांची दुरुस्ती आणि मदतीच्या हाका येतील. म्हणजे या व्यवस्थेचा जन्मच मुळी तांत्रिक मदतीसाठी झाला होता.

यूझनेटला मालक नव्हता, मुख्य कचेरीही नव्हती. एका संगणकावरचा मजकूर फोन लावून दुसऱ्याकडे जाई, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे. प्रत्येकाकडे स्वतंत्र प्रत. मग चुकून पाठवलेला मजकूर परत कसा घ्यायचा? त्यासाठी ‘कॅन्सल’ नावाचा खास संदेश होता. लेखकाने तो सोडला की वाटेतले संगणक आपापली प्रत काढून टाकत. हा हक्क लेखकाचा आणि तो ज्या संगणकावरून लिहितो त्याच्या व्यवस्थापकाचा, असा संकेत होता. अडचण एवढीच की कॅन्सल पाठवणारा खरोखर तोच लेखक आहे का, हे तपासण्याची सोय नव्हती. कुणाच्याही नावाने कुणीही कॅन्सल पाठवू शकत होते. सुरुवातीला सगळे एकमेकांना ओळखत असल्यामुळे या फटीकडे कुणी फारसे लक्ष दिले नाही.

गर्दी वाढली तशा दोन वाटा निघाल्या. पहिली वाट मॉडरेटरची. ठरावीक गटांत पोस्ट थेट छापली जात नसे. ती आधी एका माणसाकडे जाई आणि त्याने मंजूर केली तरच पुढे सरके. १९८५ पासून पीटर न्यूमन यांनी संगणकाच्या धोक्यांविषयीचा गट अशाच पद्धतीने चालवला.

दुसरी वाट मला अधिक शहाणपणाची वाटते. नवखे लोक तेच तेच प्रश्न विचारतात, ही तक्रार तेव्हाही होती. पण प्रश्न पुसण्याऐवजी जुन्या सदस्यांनी उत्तरांची यादी करून ती दर महिन्याला गटात टाकायला सुरुवात केली. आज ज्याला आपण ‘एफएक्यू’ म्हणतो ती प्रथा इथेच रुळली. सी भाषेच्या गटासाठी स्टीव्ह समिट यांनी १९९० पासून केलेली अशी यादी पुढे पुस्तकरूपानेही आली. विचारणाऱ्याची चूक दुरुस्त झाली आणि त्याचा अपमानही टळला.

जे पुसले गेले नाही

२५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने मिनिक्स या प्रणालीच्या गटात एक पोस्ट टाकली. आपण हौस म्हणून एक नवी ऑपरेटिंग सिस्टीम करतोय, मिनिक्समध्ये लोकांना काय आवडते, काय नाही, असे त्याने विचारले होते. ती प्रणाली म्हणजे लिनक्स. काही महिन्यांतच त्या गटात मिनिक्सपेक्षा लिनक्सची चर्चा वाढली आणि काहींना ते खटकले. जानेवारी १९९२ मध्ये खुद्द मिनिक्सचे जनक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी लिनक्सची रचना कालबाह्य असल्याचे तिथेच लिहिले. टोरवाल्ड्सनेही तिखट उत्तर दिले.

आजच्या कडक नियमांनी पाहिले तर हा मजकूर ‘विषयाला सोडून’ होता. पण त्या गटाला मॉडरेटर नव्हता. प्राध्यापकाच्या हातात विद्यार्थ्याचे लिखाण पुसण्याची सत्ता नव्हती, म्हणून त्याला वाद घालावा लागला. तो वाद आजही अक्षरशः वाचता येतो. लिनक्सला त्याच वर्षी स्वतंत्र गट मिळाला.

हत्यार कुणाच्या हाती?

१२ एप्रिल १९९४ रोजी ॲरिझोनातल्या कँटर आणि सीगल या वकील जोडप्याने ग्रीन कार्डच्या लॉटरीची जाहिरात यूझनेटच्या ५,५०० हून अधिक गटांत टाकली. गटाचा विषय कुठलाही असो, जाहिरात तीच. चिडलेल्या लोकांनी जुनी फट आठवली. आर्न्ट गुलब्रँडसेन या नॉर्वेच्या प्रोग्रामरने अशा जाहिरातींना आपोआप कॅन्सल पाठवणारा प्रोग्राम लिहिला.

पाठोपाठ ‘कॅन्सलमूस’ नावाची एक अनामिक व्यक्ती पुढे आली. खरे नाव लपवले असले तरी तिचा कारभार उघड होता. कुठली पोस्ट पुसली आणि किती गटांतून, हे ती जाहीर करी, मूळ मजकुराचा नमुना देई, खाली डिजिटल सही असे. मजकूर काय आहे हे पाहायचे नाही, तो किती वेळा टाकला एवढेच मोजायचे, हे तत्त्व तेव्हा रुजले. पुढे त्याचे गणितही ठरले. शिवाय ज्या संगणक-व्यवस्थापकाला असे पुसणे मान्य नाही, त्याला ते नाकारता यावे म्हणून कॅन्सल संदेशावर ओळखीची खूण ठेवण्याचा संकेत पडला. थोडक्यात, पुसणाऱ्याने स्वतःला हिशेब मागण्याची सोय करून दिली.

पण तेच हत्यार हिशेब न देणाऱ्यांच्याही हाती होते. सप्टेंबर १९९६ मध्ये कुणीतरी खोट्या कॅन्सल संदेशांचा मारा करून २५,००० हून अधिक पोस्ट उडवल्या. ज्यू, मुस्लिम, स्त्रीवादी आणि समलैंगिक लोक जिथे आपसात बोलत, ते गट यात लक्ष्य झाले. चुकीची पोस्ट परत घेण्यासाठी केलेली सोय द्वेषाच्या कामी आली. कारण सांगितले गेले नाही, नाव दिले गेले नाही आणि काय पुसले याची यादीही नव्हती. दोन्हीकडे तंत्र एकच होते, फरक उत्तरदायित्वाचा होता.

तरीही बरेच काही वाचले, त्याचे श्रेय साठवणाऱ्यांना आहे. टोरंटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात हेन्री स्पेन्सर यांनी १९८१ ते १९९१ या काळातल्या पोस्ट १४१ टेपवर जपून ठेवल्या होत्या. त्यात सुमारे २० लाख पोस्ट निघाल्या. २००१ मध्ये त्या गूगलच्या संग्रहात खुल्या झाल्या.

गुणांची सत्ता

सप्टेंबर २००८ मध्ये जेफ ॲटवूड आणि जोएल स्पॉल्स्की यांनी स्टॅक ओव्हरफ्लो सुरू केले. त्यांना गप्पांचा कट्टा नको होता, प्रश्नोत्तरांचे टिकाऊ ग्रंथालय हवे होते. म्हणून पुसण्याचा अधिकार त्यांनी वाटून दिला. चांगले लिहिणाऱ्याला इतर सदस्य गुण देत. ३,००० गुण झाले की प्रश्न बंद करण्यासाठी मत देता येई. १०,००० झाले की डिलीट करण्यासाठी मत देता येई आणि डिलीट झालेले वाचताही येई. वर निवडून आलेले बिनपगारी मॉडरेटर. कुणी उत्तर न दिलेला, नापसंतीची मते पडलेला प्रश्न ३० दिवसांनी यंत्रच काढून टाकी.

यूझनेटच्या मानाने ही प्रगती होती. बंद झालेल्या प्रश्नावर कारण लिहिलेले असे आणि निर्णय फिरवण्याचा मार्गही होता. पण ज्याचा प्रश्न पुसला गेला तो बहुधा पहिल्यांदाच आलेला, गुण नसलेला माणूस. इंग्रजी कच्चे, तिथली रीत माहीत नाही, कामाचा खोळंबा झालेला. त्याला नियम समजावून सांगायला कुणाकडे वेळ नव्हता. एप्रिल २०१८ मध्ये कंपनीनेच जाहीर कबुली दिली की आपली जागा नवख्यांना, स्त्रियांना आणि परिघावरच्या समूहांना परकी वाटते.

मॉडरेटरांची बाजूही ऐकली पाहिजे. डिसेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटीने लिहिलेल्या उत्तरांचा पूर आला. दिसायला सुबक, आत चुकीची. मॉडरेटरांनी त्यांच्यावर बंदी घातली. मे २०२३ मध्ये कंपनीने या कारवाईला लगाम घातला. जाहीर केलेला नियम आणि आम्हाला खासगीत दिलेल्या सूचना वेगळ्या आहेत, ही मॉडरेटरांची मुख्य तक्रार होती. ५ जूनपासून त्यांनी काम थांबवले आणि ऑगस्टमध्ये समझोता झाला. जे इतरांना नियम दाखवून पुसत, त्यांनाच आता नियम उघड असावेत अशी मागणी करावी लागली.

मग आला मे २०२४. कंपनीची भूमिका कायद्याने पक्की होती. तिथे लिहिणारा प्रत्येक जण आपला मजकूर खुल्या परवान्याखाली कायमचा देऊन टाकतो. मॉडरेटरांचा मुद्दाही खोटा नव्हता, कारण उत्तर पुसले तर उद्या तीच अडचण घेऊन येणाऱ्याचे नुकसान होते. तरी लिहिणाऱ्यांचा संतापही समजण्यासारखा होता. त्यांनी मदत माणसांना केली होती, सौदा मात्र त्यांना न विचारता झाला होता.

यूझनेटवर पुसण्याचा हक्क लेखकाचा होता. पुढे तो चोरांच्या हाती गेला, मग जाणकारांच्या, आणि शेवटी निर्णय कंपनीकडे आला. या प्रवासात पुसणे वाईटच, असे कुठेच सिद्ध होत नाही. कचरा काढावाच लागतो. पण ज्यांनी काय पुसले, का पुसले आणि दाद कुठे मागायची हे सांगितले, त्यांच्यावर लोकांनी विश्वास ठेवला. मग ते नाव लपवलेले कॅन्सलमूस का असेना. उलट ज्याचा पहिलाच प्रश्न काही न सांगता गायब झाला, तो दुसरा प्रश्न विचारायला सहसा परत येत नाही. त्या न विचारलेल्या प्रश्नाची नोंद मात्र कोणत्याच संग्रहात सापडणार नाही.