खेळाच्या रूपातील जाहिरात : शब्दकोड्यापासून संकेतस्थळापर्यंत
(खानदेशाच्या संदर्भात एक टिपण)

जाहिरात ही वाचावयाची, पाहावयाची अथवा ऐकावयाची वस्तू होय, असे आपण सामान्यतः गृहीत धरतो. जाहिरातदार बोलतो आणि ग्राहक ऐकतो, हे तिचे रूढ स्वरूप आहे. तथापि ग्राहकाने केवळ ऐकून न थांबता काही करावे, ओळखावे, भरून पाठवावे, खेळावे, अशी अपेक्षा बाळगणारी जाहिरातही आपल्याकडे बरीच जुनी आहे. संकेतस्थळे आणि संगणकावरील खेळ हे तिचे अलीकडचे रूप होय, आरंभ नव्हे. प्रस्तुत टिपणात या प्रकाराच्या तीन अवस्थांचा भाषिक अंगाने विचार करावयाचा आहे. आपल्या दोन जिल्ह्यांतील अभ्यासकांपुढे त्यातून जे काम उभे राहते, त्याकडेही शेवटी लक्ष वेधावयाचे आहे.

१

आरंभी अमळनेरचे उदाहरण घेणे सोयीचे होईल. तत्कालीन पूर्व खानदेश जिल्ह्यातील या गावी १९४५ च्या डिसेंबरात मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही कंपनी स्थापन केली. 'सनफ्लॉवर' वनस्पती तूप आणि '७८७' हा कपडे धुण्याचा साबण ही तिची सुरुवातीची उत्पादने. हीच कंपनी पुढे 'विप्रो' या नावाने संगणकाच्या व्यवसायात गेली. एकाच संस्थेच्या चरित्रात तुपाचा डबा आणि संगणक ही दोन्ही टोके सापडावीत, हा योगायोग आपल्या विषयास मार्मिक पार्श्वभूमी पुरवितो. डब्यावरील सूर्यफूल आणि साबणावरील आकडा ही ओळखीची चिन्हे होत. अक्षरओळख नसलेल्या गिऱ्हाइकालाही आकडा सांगून साबण मागता येत असे. परंतु या चिन्हांशी त्याचे नाते ओळखण्यापुरतेच होते. चिन्ह त्याला प्रश्न विचारीत नव्हते आणि त्याच्या उत्तराची वाटही पाहत नव्हते.

२

प्रश्न विचारणारी जाहिरात मोठ्या प्रमाणावर दिसते ती बक्षिसांच्या शब्दकोड्यांत. येथे विकावयाचा माल म्हणजे प्रत्यक्ष नियतकालिकच. कोडे सोडवावयाचे तर अंक घ्यावा लागे, आणि प्रवेशिकेसोबत शुल्क पाठवावे लागे. मुंबई राज्याने १९४८ मध्ये सोडती आणि पारितोषिक स्पर्धा यांच्या नियंत्रणाचा व करआकारणीचा कायदा केला, यावरून या खेळाचा व्याप ध्यानात येतो. पूर्व व पश्चिम खानदेश हे दोन्ही जिल्हे त्या वेळी मुंबई राज्यात असल्यामुळे हा कायदा त्यांनाही लागू होता. बंगलोरहून निघणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' या साप्ताहिकातील आर. एम. डी. सी. शब्दकोड्यांवर तो लागू होतो काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ९ एप्रिल १९५७ रोजी न्यायालयाने राज्याच्या बाजूने निर्णय दिला. दरम्यान १९५५ मध्ये केंद्रानेही पारितोषिक स्पर्धांचा कायदा करून महिन्याला एक हजार रुपयांहून अधिक मूल्याची बक्षिसे देणाऱ्या स्पर्धांना मनाई केली होती.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने या वादाचे मर्म वेगळेच आहे. कौशल्य आणि जुगार यांतील सीमा कोठे आखावी, हा न्यायालयापुढचा प्रश्न होता. शब्दकोड्यात ही सीमा शब्दार्थाच्या ठायी येऊन ठेपते. कल्पनेने एक सूचना घेऊ : 'हे नसेल तर संसार चालत नाही.' दोन अक्षरी शब्द हवा, आणि शेवटचे अक्षर 'न' दिलेले आहे. 'धन' आणि 'मन' हे दोन्ही शब्द तितकेच शोभतात. त्यांतील कोणता बरोबर, हे भाषा ठरवीत नाही. संयोजकाच्या मोहोरबंद पाकिटातील उत्तर ते ठरविते. वाचकाला वाटते की आपल्या शब्दज्ञानाची परीक्षा चालली आहे. वस्तुतः तो दुसऱ्याच्या मनातील शब्दावर पैसे लावीत असतो. भाषेतील संदिग्धता हीच येथे व्यापाराचे भांडवल बनते.

३

दुसरी अवस्था आकाशवाणीच्या लहरींवरील होय. मात्र त्या लहरी आपल्या नव्हत्या. १९५२ मध्ये नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले बा. वि. केसकर यांच्या धोरणामुळे चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली, आणि श्रोता रेडिओ सिलोनकडे वळला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमीन सयानी यांच्या निवेदनाने 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. दंतमंजनाच्या या जाहिरात-कार्यक्रमाचे आरंभीचे स्वरूप स्पर्धेचे होते : गाणी ऐकावीत, त्यांचा योग्य क्रम लावावा, पत्राने कळवावा, आणि शंभर रुपयांचे बक्षीस मिळवावे. पहिल्याच कार्यक्रमाला सुमारे नऊ हजार पत्रे आली आणि पुढे हा ओघ आठवड्याला पासष्ट हजारांपर्यंत गेला, असे सयानी सांगत असत. पुढे स्पर्धा बंद होऊन लोकप्रियतेच्या क्रमाने गाणी वाजविण्याची पद्धत आली. मंजनाच्या खोक्यातून प्लॅस्टिकचे चिमुकले प्राणी मिळू लागले, आणि ते जमविण्याचा छंद घरोघरच्या मुलांना जडला.

येथे खर्चाची वाटणी बदललेली दिसते. शब्दकोड्यात खेळणाराच शुल्क भरीत असे. गीतमालेत बक्षिसाचा भार उत्पादकावर, आणि श्रोत्याकडे उरले ते टपालाचे तिकीट व स्वतःचे अक्षर. भाषेचीही वाटणी बदलली. कार्यक्रमाची भाषा हिंदुस्थानी असल्यामुळे त्यात भाग घेऊ इच्छिणारा खानदेशी श्रोता घरी अहिराणी, शाळेत मराठी आणि या खेळात हिंदी, अशा तीन पायऱ्या चढत असे. ग्रिअर्सनने आपल्या भाषा-सर्वेक्षणात भिल्ली बोलींच्या शेजारी मांडलेली ही खानदेशी २०११ च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ६० हजार लोकांनी मातृभाषा म्हणून नोंदविली आहे. इतक्या लोकांच्या बोलीत जाहिरातीच्या खेळाने प्रश्न विचारल्याचे या अवस्थेत तरी दिसत नाही.

४

तिसरी अवस्था संगणकाची. अमेरिकेत १९८३ सालीच जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने 'टूथ प्रोटेक्टर्स' हा दातांच्या रक्षणाचा खेळ अटारीच्या यंत्रासाठी काढला होता. भारतात सार्वजनिक इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. त्यानंतर तीन-चार वर्षांतच मुंबईत 'कॉन्टेस्ट्सटूविन' (१९९८) आणि 'हंगामा' (१९९९) या संस्था निघाल्या. उत्पादकांसाठी स्पर्धा व प्रचारमोहिमा संकेतस्थळावर उभ्या करणे हा त्यांच्या व्यवसायाचा पाया होता. शब्दकोड्यातील प्रवेशिकेची जागा आता पडद्यावरील रकान्यांनी घेतली. नाव, वय, गाव, पत्ता हे रकाने भरले की खेळ खुला होई. शुल्क नाही, तिकीटही नाही. किंमत चुकवावयाची ती स्वतःविषयीच्या माहितीने.

या अवस्थेतील भाषिक पालट एका उदाहरणाने स्पष्ट होईल. जाहिरातीचे क्रियापद पूर्वापार आज्ञार्थी आहे : 'वापरा', 'मागा', 'आजच घ्या'. शब्दकोड्याने ते 'ओळखा' केले. बर्गर किंग या कंपनीच्या २००४ मधील एका अमेरिकन संकेतस्थळाने मात्र आज्ञेची दिशाच उलटविली. पडद्यावर कोंबडीचा वेष घातलेला माणूस उभा असे. पाहणाऱ्याने रकान्यात आज्ञा लिहावी आणि त्याने ती पाळावी. नाच म्हटले की तो नाचे. अभद्र आज्ञा आली तर जवळ येऊन बोट हालवून दटावी. यासाठी तीनशेहून अधिक कृती आधीच चित्रित करून ठेवल्या होत्या. ग्राहक धनी आणि जाहिरात चाकर, असा हा आभास होता. प्रत्यक्षात धन्याला कोणकोणत्या आज्ञा सुचतील, याची यादी चाकराने आधीच केलेली होती. शब्दकोड्याचे मोहोरबंद पाकीट येथे अधिक मोठ्या आकारात पुन्हा भेटते.

ही यादी इंग्रजीत होती, हेही नोंदविले पाहिजे. आपल्याकडील त्या काळच्या खेळांत मराठीला फारसा वाव नव्हता. देवनागरी जोडाक्षरे पडद्यावर सुबकपणे उमटविणे तेव्हा कष्टाचे होते, हे त्याचे एक कारण. आणि इंटरनेट वापरणारा तो इंग्रजी जाणणाराच, हे जाहिरातदाराचे गृहीत, हे दुसरे. २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाल्यावर हे गृहीत कोसळले. अहिराणी गाण्यांना यूट्यूबवर कोट्यवधी प्रेक्षक लाभले. बोलीला बाजार नाही, हे म्हणणे खोटे ठरले. तिला विचारणारा कोणी नव्हता, एवढेच खरे.

५

कायद्याच्या इतिहासातही एक वर्तुळ पुरे होताना दिसते. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई केली, तर ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. हा खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा १९५७ चा भेद नव्या कायद्याने बाजूस ठेवला आहे. 'धन' की 'मन' या कोड्याकडे पाहता हा भेद मुळातच किती निसरडा होता, हे ध्यानात येईल.

इतिहासकाराला मात्र याहून जवळची चिंता आहे. शब्दकोड्यांचे अंक आणि न्यायालयाचे निर्णयपत्र आज वाचावयास मिळतात. श्रोत्यांची पत्रे जाहिरातदाराच्या दृष्टीने मोजण्यापुरतीच होती. मोजून झाल्यावर ती जपून ठेवण्याचे त्याला प्रयोजन नव्हते. संकेतस्थळांवरील खेळांची अवस्था सर्वांत बिकट आहे. त्यांतील बहुतेक ज्या 'फ्लॅश' या साधनाने रचले होते, त्याचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी काढून घेण्यात आला, आणि ते खेळ एकदमच मुके झाले. पाऊणशे वर्षांपूर्वीचे कोडे सोडविता येते, पण वीस वर्षांपूर्वीचा खेळ उघडत नाही, असा हा उलटा न्याय आहे.

धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात ज्या नावाचे स्मरण जपले आहे, त्या राजवाड्यांनी गावोगावची दप्तरे धुंडाळताना हा कागद क्षुल्लक, तो महत्त्वाचा, असा भेद आधीच करून ठेवला नव्हता. आपल्या विषयाचे दप्तर आज जळगाव-धुळ्याच्या घराघरांत विखुरलेले आहे : एखाद्या ट्रंकेतील मंजनाचे प्राणी, जुन्या अंकातील अर्धवट भरलेले कोडे, सिलोनला पत्र लिहिणाऱ्या वृद्धाची आठवण, सायबर कॅफेत खेळलेल्या खेळाचे चाळिशीतील गृहस्थाने केलेले वर्णन. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी ही साधने पाहावीत, आठवणी सांगणाऱ्याच्या बोलीतच उतरून घ्याव्यात आणि त्यांवर तारीख घालावी. जाहिरातीने खानदेशच्या माणसाला काय विचारले, हे अन्य साधनांतून कळेल. त्याने काय उत्तर दिले, हे त्याच्यावाचून कोणी सांगू शकणार नाही.