तळटीप : बाधितांना नोटीस

१. बाधितांना नोटीस : येथे रोख महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 मधील कलम 37 कडे आहे. मंजूर विकास योजनेचे मूळ स्वरूप न बदलता तिच्यात फेरबदल करायचा असेल, उदाहरणार्थ शेती विभागातली एखादी जमीन रहिवासी विभागात घ्यायची असेल, तर नियोजन प्राधिकरणाला आधी राजपत्रात सूचना प्रसिद्ध करून एका महिन्याच्या मुदतीत हरकती मागवाव्या लागतात. शिवाय बाधित होणाऱ्यांवर नोटीस बजावून त्यांची सुनावणी घ्यावी लागते. मगच प्रस्ताव मंजुरीसाठी राज्य शासनाकडे जातो. यातली नोटीस अधिक मोलाची. राजपत्र लगतच्या शेतकऱ्याच्या हाती क्वचितच पडते, आणि नुसत्या गट क्रमांकावरून बांधापलीकडची जमीन त्याच्या ध्यानात येईलच असे नाही. पावसाचे पाणी कुठून वाहते, वहिवाटीची वाट कुठून जाते, हे नकाशापेक्षा शेजाऱ्याला नेमके ठाऊक असते. म्हणून हरकत लेखी द्यावी, तिची पोच घ्यावी आणि सुनावणीला हजर राहावे. शेजाऱ्याला प्रस्ताव रोखण्याचा अधिकार नाही. पण त्याचे म्हणणे ऐकून घेणे प्राधिकरणाला बंधनकारक आहे. — संपा.