उतारवयातील नैराश्य आणि जुनाट आजार

मधुमेह, हृदयविकार, संधिवात, पक्षाघात किंवा कंपवात वर्षानुवर्षे सोबत असला की नैराश्याची शक्यता वाढते. मन खचले की गोळ्या, पथ्य, फिरणे सुटते आणि मूळ आजारही बळावतो. 'वयाप्रमाणे असे व्हायचेच' हा समज चुकीचा आहे. नैराश्य हा आजार आहे आणि तो उपचाराने आटोक्यात येतो.

लक्षणे : ज्येष्ठ मंडळी 'उदास वाटते' असे क्वचितच सांगतात. अंगदुखी, थकवा, पहाटे लवकर जाग येणे, भूक मंदावणे अशाच तक्रारी असतात. पूजा, वाचन, भेटीगाठी यांतला रस दोन आठवडे गेलेला दिसला तर डॉक्टरांना दाखवावे. थायरॉईडचा विकार, बी-१२ची कमतरता किंवा काही औषधे यांमुळेही असे होते. म्हणून चालू औषधांची यादी सोबत न्यावी.

उपचार : औषधांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात. ती मनाने बंद करू नयेत.

घरच्यांनी : 'मन घट्ट करा' असे सांगण्यापेक्षा शेजारी बसून ऐकावे. परगावच्या मुलांनी ठरलेल्या वेळी फोन करावा. ग्वाल्हेरच्या डिसेंबर-जानेवारीतल्या धुक्यात सकाळचे फिरणे बंद पडते. तेव्हा दुपारच्या उन्हात सोबत चालावे.

मदत : शहरात जयारोग्य रुग्णालय आणि ग्वाल्हेर मानसिक आरोग्यशाला आहेत. टेली-मानस (१४४१६) ही मोफत सेवा चोवीस तास चालते. ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन १४५६७ आहे. 'आता जगून काय करायचे' असे शब्द कानी आले, तर त्यांना एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.