डेंटरचा हातोडा आणि गाडीचा मूळ पाठ

वसई पूर्वेस गोखिवरे येथील औद्योगिक गाळ्यांच्या परिसरात मोटारींच्या पत्र्याचे काम चालते. जुनी फियाट पूर्वरूपात आणू पाहणारा मालक अशा डेंटर-पेंटरच्या दारी जातो, तेव्हा तो त्या कारागिरीचा सारा भूतकाळच कामाला लावीत असतो, असे आम्हांस वाटते.

हा भूतकाळ टंचाईचा आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ साली फियाट ११०० डिलाइट आली. तिलाच पुढे १९७४ मध्ये 'पद्मिनी' हे नाव मिळाले. परवान्यांच्या त्या काळात नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. साहजिकच चेपलेला पत्रा बदलण्यापेक्षा तो ठोकून सरळ करणे, सडलेला भाग कापून नवा जोडणे आणि वर पुट्टी भरून रंग देणे, यांतच डेंटरचे कसब मुरले. गाडी चालती ठेवणे हे त्याचे ध्येय होते. ती जशी होती तशी राखणे हे कोणी त्याला सांगितलेच नव्हते. तेव्हा आज तो जुन्या खुणा पुसून गाडी 'नवीकोरी' करून देतो, याबद्दल त्याला बोल लावणे आम्हांस अन्यायाचे वाटते.

साहित्याच्या अभ्यासकांस हा पेच परिचित आहे. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना विष्णु सीताराम सुकथनकरांनी अधिक सुंदर पाठ शोधला नाही. हस्तलिखितांच्या आधारे जेवढे मागे जाता येईल तेवढा जुना पाठ शोधला. मोटारीच्या बाबतीत अडचण अशी की येथे हस्तलिखित एकच, आणि दुरुस्ती त्याच्यावरच करावयाची!

२०२१ च्या केंद्रीय नियमांनी या प्रश्नाला कायद्याचीही बाजू दिली. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली आणि सांगाडा, बॉडी वा इंजिनात मोठे फेरफार न झालेली गाडीच 'व्हिंटेज' म्हणून नोंदविता येते. पहिल्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये. पहिल्या पद्मिनींनी ही पन्नाशी २०२४ मध्ये गाठली. शिवाय या गाडीला वेगळी चौकट नाही. बॉडी हाच तिचा सांगाडा. खाडीकाठच्या खाऱ्या हवेने दाराखालचा पत्रा खाल्ला, तर शोभेबरोबर तिचे बळही जाते. म्हणजे काही भाग कापावेच लागणार. प्रश्न उरतो तो कोणते, आणि ते ठरविणार कोण, एवढाच.

म्हणून कारागीर निवडताना त्याने चमकविलेल्या गाड्यांपेक्षा उघडी पडलेली, अर्धवट कामातली गाडी पाहावी. लोहचुंबक फिरवून पाहावा. जाड पुट्टीवर तो धरत नाही. रंग उतरेपर्यंत गंज किती खोल आहे हे कोणासच कळत नाही, तेव्हा पहिल्याच भेटीत सांगितलेली ठोक रक्कम हा निव्वळ अंदाज होय. आधी रंग उतरविण्याचा व्यवहार करावा, मग मालकाने समक्ष पाहून पत्र्याचा. प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे घ्यावीत. कापून काढलेला पत्रा भंगारात न घालता परत द्यावा, ही अटही कागदावर असावी. त्याच्या आतल्या बाजूस कारखान्याचा पहिला रंग पुष्कळदा शाबूत सापडतो आणि नवी छटा त्यावरून जुळविता येते.