पेटीत काय भरायचे, हे कोणी ठरवायचे?

परदेशप्रवासाच्या लेखनात बंदर असते, बोट असते, निरोपाला आलेली माणसे असतात. त्याआधीचे चार दिवस मात्र सहसा नसतात. पेट्या उघड्या पडल्या आहेत, वळकटी बांधायची राहिली आहे, मुलांचे कपडे पुन्हा पुन्हा मोजले जात आहेत, हा सारा भाग वाङ्मयाच्या उंबरठ्याबाहेरच राहतो. एकट्या पुरुषाच्या प्रवासात ही उणीव फारशी जाणवत नाही. परंतु बायकामुले बरोबर निघाली की सामानाचा प्रश्न साधा राहत नाही. परक्या मुलखात आपण कोण म्हणून दिसायचे, आणि ते ठरवण्याचा अधिकार घरात कोणाचा, हे दोन प्रश्न त्याच्या पोटात असतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई बंदरातून निघालेल्या दोन कुटुंबांच्या आधारे या प्रश्नांचा थोडा विचार करावा, असा आमचा हेतू आहे.

१८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि मुंबईहून विलायतेस जाण्याचा जलमार्ग काही आठवड्यांचा झाला. अंतर कमी झाले, तरी समुद्रोल्लंघनाचे भय कमी झाले नाही. हे भय मुख्यतः अन्नपाण्याचे होते. पैसा असेल तर त्यावर उपाय होता. १९०२ मध्ये जयपूरचे महाराजा सवाई माधोसिंह सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेस गेले, तेव्हा त्यांनी मुंबईहून ‘ऑलिम्पिया’ हे आख्खे जहाज भाड्याने घेतले आणि चांदीच्या प्रचंड घागरींतून गंगाजल बरोबर नेले. एकेका घागरीत सुमारे चार हजार लिटर पाणी मावते. त्या आजही जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये पाहायला मिळतात. ज्याला सगळेच बरोबर नेता येते, त्याला निवड करावी लागत नाही. मध्यमवर्गीय कुटुंबाला ती करावीच लागते.

अशा निवडीचा पहिला धडा मोहनदास गांधींनी एकट्याने गिरवला. १८८८ च्या सप्टेंबरात ते बॅरिस्टर होण्यासाठी निघाले, तेव्हा मुंबईतल्या मोढ वाणी जातीच्या पंचांनी त्यांना जातीबाहेर टाकले होते आणि त्यांना पोहोचवायला जाणारास सव्वा रुपया दंड ठरवला होता. पत्नी आणि काही महिन्यांचा हरिलाल राजकोटास राहिले. बोटीवर मेजावर जेवण्याचा संकोच, म्हणून बरोबर आणलेली मिठाई आणि फळे हा त्यांचा आधार होता. विलायतेत उतरताना शोभतील म्हणून पांढरे फ्लॅनेलचे कपडे त्यांनी जपून ठेवले होते. साउदॅम्प्टनला सप्टेंबर संपत असताना पाहतात तो तसले कपडे घातलेले ते एकटेच! सामान आणि किल्ल्या एका कंपनीच्या माणसाकडे सोपवलेल्या, त्यात शनिवार आलेला. म्हणजे सोमवारपर्यंत सुटका नव्हती. ‘सत्याचे प्रयोग’मध्ये ही हकिकत हलक्या हाताने आली आहे. परक्या डोळ्यांपुढे आपले कपडे चुकीचे ठरण्याची लाज मात्र त्यात पुरेपूर आहे, आणि आठ वर्षांनंतरच्या प्रवासाकडे पाहताना ही लाज विसरून चालत नाही.

१८९६ च्या अखेरीस गांधी मुंबईहून ‘कुरलँड’ बोटीने सहकुटुंब दरबानला निघाले. बरोबर कस्तुरबा, आठ वर्षांचा हरिलाल, चार वर्षांचा मणिलाल आणि विधवा बहिणीचा मुलगा गोकुळदास. या प्रवासाची पूर्वतयारी आत्मकथेत आली आहे, आणि म्हणूनच ती दुर्मीळ आहे. पेट्यांतल्या कपड्यांच्या घड्या कोणी घातल्या हे गांधी सांगत नाहीत. त्या पेट्यांत काय असावे हे कोणी ठरवले, ते स्पष्ट सांगतात. सुधारलेले दिसायचे तर पोशाख शक्य तितका युरोपियनांच्या जवळ जाणारा हवा, अशी त्यांची त्या काळी समजूत होती. पण थेट साहेबी वेश बरा दिसणार नाही. हिंदी लोकांत पारशी अधिक सुधारलेले समजले जात, म्हणून पारशी वेश ठरला. कस्तुरबांना पारशी पद्धतीची साडी आणि मुलांना पारशी कोट-पाटलोण. बूट आणि मोजे सर्वांना सक्तीचे. जेवताना काटे-सुरीही आली.

या प्रकरणातले सर्वांत बोलके तपशील पायांचे आहेत. बूट आवळत, बोटे दुखत, मोजे घामाने कुबट होत. मुलांनी आणि पत्नीने हे सहन केले, कारण ते पतीच्या आणि वडिलांच्या अधिकारातून आले होते. पुढे मतपरिवर्तन झाल्यावर हा सारा जामानिमा टाकला गेला, आणि तेव्हाही तो टाकायचा निर्णय त्याच अधिकारातून आला. गांधींनी हे १९२५ नंतर ‘नवजीवन’मधून लिहिले, तेव्हा आपल्या त्या काळच्या मोहाला त्यांनी जराही पाठीशी घातले नाही. त्यांचा हा प्रांजळपणा मोठाच आहे. तथापि पाय दुखले ते दुसऱ्यांचे, आणि त्या दुखण्याची भाषा आपल्याला मिळते ती दुखवणाऱ्याच्याच लेखणीतून, हेही वाचकाने ध्यानात ठेवले पाहिजे.

इतिहासाने या पोशाखाची परीक्षा लगेच घेतली. मुंबईत प्लेगची साथ होती. तिचे निमित्त करून बोट दरबानच्या बंदराबाहेर तीन आठवड्यांहून अधिक काळ अडवून ठेवली गेली. १३ जानेवारी १८९७ रोजी उतरल्यावर गोऱ्या जमावाने गांधींवर हल्ला केला. पत्नी आणि मुले गाडीतून आधीच रुस्तमजींच्या घरी पोहोचली होती. सुधारलेला वेश कोणाच्याच द्वेषाला आवर घालू शकला नाही. त्याच रात्री घराला वेढा पडला आणि गांधींना हिंदी शिपायाच्या वेशात, डोक्यावर शिरस्त्राणाप्रमाणे धातूची थाळी ठेवून तीवर मद्रासी फेटा गुंडाळून, निसटावे लागले. कुटुंबाचा पोशाख इतक्या विचाराने ठरवणाऱ्या माणसाला अखेर एका थाळीने आणि उसन्या वेशाने वाचवले!

परतीच्या सामानाची कथा अधिक तीव्र आहे. १९०१ मध्ये कुटुंब हिंदुस्थानात परत निघाले, तेव्हा दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांनी सोन्याचांदीच्या आणि हिऱ्यांच्या भेटी दिल्या. त्यांत कस्तुरबांसाठी पन्नास गिनींचा सोन्याचा हार होता. या वस्तू पेटीत जाता कामा नयेत, असे गांधींनी रात्रभर विचार करून ठरवले. त्यांनी आधी मुलांना पटवले, आणि मुलांना वकील करून ते पत्नीकडे गेले. कस्तुरबांचा युक्तिवाद आत्मकथेत सविस्तर आला आहे. मुले तुमच्या तालावर नाचतील, पण उद्या येणाऱ्या सुनांचे काय? मुलांना आतापासून बैरागी करायला निघालात काय? आणि तुमच्या सेवेत माझी सेवा नाही काय, रात्रंदिवस राबले ते कोण? या अखेरच्या प्रश्नाला गांधींजवळ उत्तर नव्हते, असे आम्हांला वाटते. त्यांनी संमती कशीबशी मिळवली आणि दागिने विश्वस्तांच्या स्वाधीन झाले. सार्वजनिक नीतीच्या दृष्टीने हा निर्णय थोर ठरला. घराच्या दृष्टीने पाहिले तर पेटीचे झाकण पुन्हा एकाच हाताने लावले होते.

पेटी भरणारी आणि ठरवणारी एकच व्यक्ती असेल तर? या प्रश्नासाठी काळाने आधीचे उदाहरण आम्ही मुद्दाम नंतर घेत आहोत. १८८३ च्या एप्रिलमध्ये पंडिता रमाबाई मुंबईहून इंग्लंडला निघाल्या, तेव्हा त्यांची मुलगी मनोरमा नुकती दोन वर्षांची होत होती. पती बिपिनबिहारी आदल्याच वर्षी वारले होते. प्रवासखर्चाला ‘स्त्रीधर्मनीति’ या स्वतःच्या पुस्तकाच्या उत्पन्नाचा आधार होता. घरात परवानगी द्यायला कोणी पुरुष नव्हता. प्रवासावर लिहिलेले ‘इंग्लंडचा प्रवास’ हे पत्रही त्यांचेच. काय न्यायचे आणि काय मागे ठेवायचे, हे ठरवणारी आई स्वतः लिहिती होती.

मात्र अधिकाराचा प्रश्न येथेही सुटला नाही. तो फक्त बोटीवरून किनाऱ्यावर गेला. वाँटेजच्या मठात त्याच वर्षी सप्टेंबरात मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. धर्म बदलला तरी रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही. पुढे त्या चेल्टनहॅमला असताना मनोरमा काही काळ मठातल्या भगिनींकडे राहिली, आणि मुलीला कोणते धर्मशिक्षण द्यायचे यावरून त्यांचा सिस्टर जेराल्डिनशी दीर्घ पत्रसंघर्ष झाला. अ. भि. शहा यांनी १९७७ मध्ये संपादित केलेल्या पत्रव्यवहारात तो वाचता येतो. विद्या इंग्लंडकडून घ्यायची, पण आपल्या मुलीने काय मानावे यावरचा हक्क सोडायचा नाही, ही त्यांची भूमिका होती. मुलगी ज्यांच्या घरी वाढते त्यांनाही तिच्यावर हक्क वाटू लागतो, हे त्यांना कोणत्याही तात्त्विक ग्रंथाशिवाय उमगले होते.

ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली की एक गोष्ट लक्षात येते. कस्तुरबांनी आत्मचरित्र लिहिले नाही, म्हणून त्यांचा विरोध आपल्यापर्यंत पतीच्या कबुलीतून पोहोचतो. रमाबाईंनी लिहिले, म्हणून त्यांचा विरोध त्यांच्याच शब्दांत उरतो. मुलांचा आवाज मात्र दोन्हीकडे नाही. विमानाच्या तेवीस किलोंच्या हिशेबात भाजणी, मेतकूट आणि औषधांची पुडकी बसवणाऱ्या आजच्या घरांतही मुलांना शेवटी विचारले जाते ते बहुधा एखाद्या खेळण्यापुरतेच. प्रवासलेखनाचा अभ्यास करताना आपण देश, शैली आणि दृष्टिकोन तपासतो. सामानाच्या यादीवर अधिकार कोणाचा होता आणि ओझे कोणाच्या अंगावर पडले, हेही तपासावे. मणिलालच्या दुखऱ्या बोटांची नोंद एका वाक्यापुरतीच उरली आहे. पण ते वाक्य वाचल्याशिवाय त्या प्रवासाचा इतिहास पुरा वाचला असे म्हणता येणार नाही.