एक यंत्र, अनेक कामें

१९५० नंतरच्या दहा वर्षांत संगणकासाठीं आज्ञावली लिहिणाऱ्या माणसाला यंत्राचें दर्शन क्वचितच घडे. ८० स्तंभांच्या कार्डांवर छिद्रें पाडून आज्ञा उमटवावयाच्या, कार्डांची चळत यंत्रगृहांतील माणसाच्या स्वाधीन करावयाची आणि उत्तराची वाट पाहावयाची. उत्तरास कांहीं तास, कित्येकदां दुसरा दिवस लागे; आणि एखादा स्वल्पविराम चुकला असेल तर तेवढाच निरोप घेऊन चळत परत येई. यंत्राचें प्रत्येक मिनिट महाग होतें. माणसाच्या दिवसाची गणती कोणी करीत नसे.

रिकामें बसणें परवडत नसल्यानें एकाच माणसाच्या हातीं दोनतीन कामें असत. एक चळत यंत्राकडे गेली कीं तो दुसरी हातांत घेई. परंतु पहिली परत येई तेव्हां तिच्यांतील विचाराचा धागा सुटलेला असे, आणि आपणच लिहिलेलें परक्याचें म्हणून वाचावें लागे.

मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयांत जॉन मॅकार्थी यांनीं जानेवारी १९५९ मध्यें एका टिपणांत यावर उपाय सुचविला. यंत्र इतकें वेगवान् आहे, तर क्षणभर एकाचें व क्षणभर दुसऱ्याचें काम त्यानें कां करूं नये? फर्नांडो कॉर्बाटो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं नोव्हेंबर १९६१ मध्यें तें करून दाखविलें. आयबीएम ७०९ या यंत्राला टंकलेखनयंत्रासारखीं चार उपकरणें जोडलीं होतीं. एकाची पाळी संपली कीं यंत्राच्या स्मृतींतील त्याचें अर्धवट काम जसेंच्या तसें चुंबकीय फितीवर उतरे आणि दुसऱ्याचें वर येई. पुन्हां पाळी आली कीं जेथें थांबलें तेथूनच पुढें चाले. विसरणें हा प्रकारच नव्हता. १९६२ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत पाळ्यांचा नियमहि सांगितला आहे: लहान कामाला लवकर पाळी, आणि फार वेळ खाणाऱ्याला उशिरां, पण एकदम मोठी. हा नियम कित्येक कचेऱ्यांनीं उचलावा इतका शहाणपणाचा आहे.

यंत्रानें अदलाबदल पत्करली म्हणून माणसाला एका कामावर स्थिर बसतां आलें. हें सुख मात्र फार टिकलें नाहीं. यंत्रें स्वस्त झालीं, तशीं एकाच माणसापुढें पुन्हां अनेक कामें आलीं. लायनस टोरवाल्ड्स यांनीं २००५ सालीं निर्माण केलेल्या ‘गिट’मध्यें प्रत्येक कामाची निराळी शाखा ठेवून क्षणांत एकीवरून दुसरीवर जातां येतें, अर्धवट मजकूर बाजूस ठेवण्याची आज्ञाहि त्यांत पुढें आली. मजकूर परत मिळतो. तो कोणत्या विचारानें लिहिला जात होता तें मिळत नाहीं. म्हणून कित्येक आज्ञावलीकार काम बदलण्यापूर्वीं अजूनहि कागदाच्या चिठोऱ्यावर दोन ओळी खरडून ठेवतात.