रुळांवरून सरकलेलं चर्च

बुखारेस्टच्या मध्यावर उरानुस नावाची जुनी वस्ती होती. १९७७च्या भूकंपात शहराची मोठी पडझड झाली आणि नवी समाजवादी राजधानी उभारायला निकोलाए चाउशेस्कूला निमित्त मिळालं. १९८०च्या दशकात त्याने ही वस्ती पाडून तिथे अवाढव्य वाडा बांधायला घेतला. आज त्यात रोमानियाची संसद भरते.

डिसेंबरात आई, पत्नी आणि मुलगी यांच्यासह मी तो पाहिला. हजारावर दालनं, जिकडेतिकडे संगमरवर आणि झुंबरं. बाहेरच्या बोचऱ्या थंडीतून आल्यावर आतली ऊब बरी वाटली. पण हा वाडा चढत होता तेव्हा परदेशी कर्ज फेडण्यासाठी देशातलं अन्नधान्य बाहेर विकलं जात होतं. पाव, साखर, तेल मोजून मिळे. गॅस आणि विजेची कपात असल्यामुळे लोक हिवाळ्यात घरातही कोट घालून बसत.

वाड्यापासून थोड्याच अंतरावर, उंच इमारतींच्या रांगेमागे सोळाव्या शतकातलं मिहाई वोडा चर्च दडलेलं आहे. ते मूळचं इथलं नव्हे. १९८५ साली अभियंता योर्डाकेस्कू यांच्या देखरेखीखाली ते पायापासून सोडवलं, खाली काँक्रीटची बैठक घातली आणि रुळांवरून २८९ मीटर सरकवलं. भोवतालचा मठ मात्र पाडला गेला.

मुलीला चर्च रुळांवरून चालल्याची भारी गंमत वाटली. आईने विचारलं, "अरे, आणि इथली माणसं? ती कुठे सरकवली?"

हजारो कुटुंबांना घरं सोडावी लागली. अंगणाच्या घरांतली माणसं सिमेंटच्या सदनिकांत गेली. चर्च वाचवणाऱ्यांचं कौशल्य थोरच. पण ही गोष्ट सगळे आवडीने सांगतात, कारण दगडाचा प्रवास मीटरमध्ये मोजता येतो. मोडलेल्या शेजाराला असं माप नाही.

२१ डिसेंबर १९८९ रोजी सज्जातून बोलणाऱ्या चाउशेस्कूची जमावाने हुर्यो उडवली. दुसऱ्या दिवशी तो हेलिकॉप्टरने पळाला आणि २५ तारखेला त्याला गोळ्या घातल्या गेल्या. वाडा तेव्हा अपुराच होता. राजवट गेली, तरी उरानुसच्या लोकांना परतता आलं नाही. परतायला त्यांची गल्लीच उरली नव्हती.